संग्रहालयाचे काम मोजावे कसे?

रायपूरच्या घडी चौकाजवळ महंत घासीदास स्मारक संग्रहालय आहे. त्याच्या आवारात ‘गढ़ कलेवा’ नावाचे खाण्याचे ठिकाण 2016 पासून चालते. बचत गटातल्या महिला तिथे चीला, फरा, ठेठरी, खुरमी असे अस्सल छत्तीसगढी पदार्थ करून वाढतात. तात्यापारा या रायपूरच्याच वस्तीतल्या मराठी घरी नागपूर-अमरावतीहून पाहुणे आले, तर त्यांना आवर्जून न्यावे अशी ही जागा. पाहुणे गरम चीला खातात, फोटो काढतात आणि पुष्कळदा तिथूनच परततात. काही मात्र तिकीट काढून दालनांत शिरतात, सिरपूरच्या बौद्ध कांस्यमूर्तींपुढे थबकतात, शिलालेखावरची अक्षरे लावून पाहतात.

यांतले संग्रहालयाचे प्रेक्षक कोण? आवाराच्या फाटकाशी माणसे मोजली तर आकडा फुगतो, तिकीट खिडकीशी मोजली तर तो आटतो. दोन्ही आकडे खरेच असतात. पण एका आकड्यावरून संग्रहालय भरभराटीला आलेले दिसेल आणि दुसऱ्यावरून ओस पडलेले. वार्षिक अहवालात कोणता आकडा जातो, यावर पुढच्या वर्षीचा निधी, रिकाम्या जागांवरची भरती आणि कधी कधी इमारतीचे भवितव्यही ठरते. म्हणून मोजणी सुरू करण्याआधी कोण, कुठे आणि किती वाजता मोजतो आहे, हे कागदावर लिहून ठेवणे ही पहिली पायरी. आवारातले लोक वेगळे, दालनांतले वेगळे, शाळेच्या सहलीतली मुले वेगळी, अभ्यासक वेगळे. चार रकाने आखायला एक वही पुरते.

हे काम फक्त सरकारी अधिकाऱ्यांचे आहे असे समजण्याचे कारण नाही. संग्रहालये बहुतांशी जनतेच्या पैशावर चालतात, तेव्हा त्यांच्या कामाचा हिशेब मागण्याचा आणि तो समजून घेण्याचा हक्क नागरिकाला आहे. शिवाय जुनी हस्तलिखिते, नाणी, शस्त्रे, छायाचित्रे असा छोटा संग्रह कुठल्या ना कुठल्या मंडळात, वाचनालयात, देवस्थानात असतोच. त्याचे विश्वस्त, शिक्षक, इतिहासाची आवड असलेले निवृत्त लोक, या सगळ्यांना पुढची रीत वापरता येईल.

रायपूरचे संग्रहालय 1875 चे. नांदगाव संस्थानचे राजे महंत घासीदास यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले आणि देशातल्या सर्वांत जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. पहिली इमारत अष्टकोनी होती. आजच्या इमारतीसाठी राणी ज्योतिदेवी आणि त्यांचे पुत्र दिग्विजयदास यांनी मदत केली आणि 1953 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. नागपूरचा अजबबंगला यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, 1863 चा. दोन्ही संग्रहालये त्या काळच्या मध्य प्रांतातली, त्यामुळे छत्तीसगडच्या वस्तू दोन्हीकडे विखुरल्या. रतनपूरचा कलचुरी राजा जाजल्लदेव याचा शिलालेख नागपूरला गेला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदी काळातल्या लेखांचे जे खंड 1955 मध्ये सिद्ध केले, त्यांत तो आहे. सिरपूरला 1950 च्या दशकात उत्खनन केले ते डॉ. मो. गं. दीक्षित यांनी. तात्यापाऱ्यातल्या वाचकाला हा सगळा घरचाच इतिहास.

आता प्रश्न कामाचा. संग्रहालयाने नेमके करायचे काय? आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने (आयकॉम) ऑगस्ट 2022 मध्ये प्राग इथे जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात पाच कामे सांगितली आहेत: संशोधन, संकलन, जतन, अर्थ उलगडून सांगणे आणि प्रदर्शन. प्रेक्षकांचा आकडा यांतल्या शेवटच्या दोन कामांबद्दल थोडेफार बोलतो, उरलेल्या तिन्हींबद्दल काहीच सांगत नाही. 2020 मध्ये टाळेबंदीत दारे बंद होती, तेव्हा प्रेक्षक शून्य होते. त्या काळात ज्या संग्रहालयाने ताम्रपटांची छायाचित्रे काढून घेतली, वाळवी लागलेली कपाटे बदलली, नोंदी पूर्ण केल्या, त्याचे ते वर्ष वाया गेले असे कोण म्हणेल?

जतन आणि नोंद या कामांची किंमत पटवायला रायपूरच्याच संग्रहालयातली एक वस्तू पुरेशी आहे. छत्तीसगडच्या किरारी गावात 1921 साली हिराबांध नावाचा तलाव आटला. गाळ उपसताना त्यातून लाकडाचा एक जाड खांब निघाला. त्यावर ब्राह्मी लिपीत लेख कोरलेला होता, साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. सतराशे वर्षांच्या आसपास हे लाकूड पाण्याखाली, चिखलात राहिले होते आणि म्हणूनच टिकले होते. लोकांनी तो काढून उन्हात ठेवला. लाकूड वाळले, वरचा थर सुटू लागला आणि त्याबरोबर अक्षरेही गळून पडू लागली. पाण्यात मुरलेले लाकूड एकदम वाळले की आतल्या पेशी आकसतात आणि पृष्ठभाग चिरफाळतो. आज असे लाकूड सापडले तर आधी ते ओलेच गुंडाळून ठेवतात आणि महिनोन्महिने सावकाश सुकवतात. किरारीत ते ज्ञान कोणाजवळ नव्हते. पण गावच्या एका पंडितांनी अक्षरे जशी दिसली तशी, त्यांच्या वळणांसकट, कागदावर उतरवून घेतली. खांबावरचा बराचसा लेख नष्ट झाला तरी ती नक्कल उरली. पुढे हीरानंद शास्त्री यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त तिच्या आधारे हा लेख प्रसिद्ध केला.

लेखात राजवटीतल्या अधिकाऱ्यांची यादी आहे: नगररक्षक, सेनापती, प्रतिहार, गणक, भांडागारिक, महानसिक आणि आणखी कितीतरी. नगराची राखण करणाऱ्यापासून स्वयंपाकघराच्या प्रमुखापर्यंत सगळी शासनयंत्रणा एका खांबावर मांडलेली. दख्खनच्या सातवाहन काळात छत्तीसगडमध्ये कारभार कसा चालत असेल, याचा इतका तपशीलवार पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो. हा खांब आज रायपूरच्या संग्रहालयात आहे. त्याच्याबद्दल आपल्याला जे कळते, ते एका माणसाने वेळेवर केलेल्या नोंदीमुळे. प्रेक्षकसंख्येच्या तक्त्यात त्या पंडितांच्या कामाला शून्य गुण मिळाले असते.

म्हणून कार्यक्षमतेची पहिली परीक्षा दाखल नोंदवहीपासून करावी. संग्रहालयात आलेल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो आणि तो क्रमांक, वर्णन, मोजमाप, कुठून व कशी आली, सध्या कुठे ठेवली आहे, हे सगळे या वहीत असायला हवे. परीक्षा सोपी आहे. वहीतून डोळे मिटून वीस क्रमांक निवडावेत आणि घड्याळ लावून त्या वस्तू शोधायला सांगावे. किती सापडल्या आणि प्रत्येकीला किती मिनिटे लागली, ते लिहावे. मग उलट करावे. भांडारातल्या फळ्यांवरून, कपाटांतून कुठल्याही वीस वस्तू उचलाव्यात आणि त्यांची नोंद वहीत आहे का पाहावे. पहिल्या फेरीत हरवलेल्या वस्तू कळतात. दुसऱ्या फेरीत बेवारस वस्तू कळतात, म्हणजे ज्या आहेत पण कागदावर नाहीत आणि म्हणून उद्या नाहीशा झाल्या तरी कोणाला पत्ता लागणार नाही. किराणा दुकानदार वर्षाअखेर माल मोजतो, त्याहून हे काम फार वेगळे नाही.

रोममधल्या इक्रोम या आंतरराष्ट्रीय संस्थेने युनेस्कोबरोबर भांडारांच्या फेररचनेची ‘री-ऑर्ग’ नावाची पद्धत तयार केली आहे. लहान, पैशाने तंग संग्रहालयांचा विचार करूनच ती बेतलेली आहे. तिच्यातले काही निकष भिंतीवर लावून ठेवण्यासारखे आहेत. कोणतीही वस्तू तीन मिनिटांत सापडावी. ती काढण्यासाठी दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागू नयेत. एकही वस्तू थेट जमिनीवर नसावी. भांडारात फक्त संग्रहातल्याच वस्तू असाव्यात; मोडक्या खुर्च्या, जुने फलक आणि निवडणुकीच्या वेळी ठेवलेले सामान तिथे नको. भांडाराची जबाबदारी एका प्रशिक्षित माणसाकडे असावी. याच संस्थेने 2011 मध्ये जगभरच्या संग्रहालयांची पाहणी केली, तेव्हा साठवणीतले सुमारे 60 टक्के संग्रह धोक्यात असल्याचा अंदाज पुढे आला. तेव्हा आपल्याकडचे भांडार अस्ताव्यस्त निघाले तर शरमून गप्प बसण्यापेक्षा तो आकडा मांडलेला बरा. पुढच्या वर्षी तो किती सुधारला, हे त्यामुळेच दाखवता येईल.

प्रत्यक्ष पडताळणी न केल्यास काय होते, याचा सर्वांत बोलका दाखला आपल्याच देशातला आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2013 मध्ये स्मारके आणि पुरावस्तूंच्या जतनाचा अहवाल दिला. त्यासाठी केंद्रीय संरक्षित स्मारकांपैकी 1,655 स्मारके जागेवर जाऊन पाहिली गेली आणि 92 सापडलीच नाहीत. नंतरच्या शोधात 42 मिळाली, 14 वाढत्या शहरांनी गिळल्याचे आणि 12 धरणांच्या पाण्याखाली गेल्याचे कळले, 24 चा मागमूस लागला नाही. ही स्मारके दगडाविटांची, एका जागी उभी असलेली. खिशात मावणारे सोन्याचे नाणे किंवा वितभर उंचीची कांस्यमूर्ती यांची काय कथा!

नोंदी संगणकावर घेण्यासाठी पुण्याच्या सी-डॅक या संगणक संस्थेने ‘जतन’ नावाची प्रणाली बनवली आहे. केंद्र सरकारच्या मोठ्या संग्रहालयांतल्या वस्तू तिच्याच आधारे राष्ट्रीय संकेतस्थळावर आल्या. लहान संग्रहाला एवढ्या मोठ्या व्यवस्थेची गरज नसते. साध्या तक्त्यात क्रमांक, छायाचित्र, जागा आणि अवस्था हे चार रकाने भरले, तरी निम्मे काम झाले. मोजायचे काय, तर दर महिन्याला किती नोंदी पूर्ण झाल्या आणि एकूण किती उरल्या. उदाहरणार्थ 6,000 वस्तूंच्या संग्रहात महिन्याला 50 नोंदी होत असतील तर पूर्ण व्हायला दहा वर्षे लागतील. हा एक भागाकार विश्वस्तांच्या बैठकीत मांडला की आणखी एक माणूस हवा की नको, ही चर्चा आपोआप जमिनीवर येते.

यानंतर येतात गुणोत्तरे. एका प्रेक्षकामागे खर्च किती, एका कर्मचाऱ्यामागे वस्तू किती, संग्रहातला किती भाग मांडलेला आहे. ही सहज काढता येतात आणि तितकीच सहज फसवतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे पाहा. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केलेला हा संग्रह 1962 मध्ये राज्य सरकारच्या स्वाधीन झाला. आज त्यात 20,000 हून अधिक वस्तू आहेत आणि मांडलेल्या सुमारे 2,500, म्हणजे आठवा हिस्सा. सात हिस्से पडून आहेत, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. जगात सगळीकडे मोठ्या संग्रहालयांत मांडलेला भाग थोडाच असतो. शिवाय कापड, कागद, जलरंगातली चित्रे यांना 50 लक्सपेक्षा जास्त प्रकाश सोसत नाही आणि तोही वर्षानुवर्षे सतत नको. पैठणी कायम काचेमागे उजेडात ठेवली तर तिचे रंग उडतात. तेव्हा विचारायचे ते असे: गेल्या पाच वर्षांत भांडारातल्या किती वस्तू आळीपाळीने बाहेर आल्या, किती अभ्यासकांना पाहायला मिळाल्या, किती दुसऱ्या संग्रहालयाला प्रदर्शनासाठी दिल्या? या तिन्ही प्रश्नांना ‘एकही नाही’ हे उत्तर आले, तरच काळजी करावी.

एका प्रेक्षकामागचा खर्च कमी, म्हणजे संग्रहालय कार्यक्षम, ही समजूत तर घातकच आहे. ब्राझीलमध्ये रिओ द जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला 2014 पासून देखभालीची ठरलेली रक्कम पूर्ण मिळत नव्हती. 2 सप्टेंबर 2018 च्या रात्री तिथे आग लागली, अग्निशमन दल आले, तेव्हा जवळच्या नळखांबांना पाणी नव्हते. लाखो वस्तू जळाल्या. दिल्लीतले राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय 26 एप्रिल 2016 च्या पहाटे असेच भस्मसात झाले. वीजतारांची तपासणी, अग्निशामक नळकांडी भरून घेणे, छपराची गळती काढणे, यांवरचा खर्च प्रेक्षकसंख्या वाढवत नाही. गुणोत्तरात तो ‘वाया’ गेलेला दिसतो. म्हणून हिशेबात सुरक्षेचा आणि जतनाचा खर्च वेगळ्या रकान्यात दाखवावा, तिकिटांच्या उत्पन्नाशी त्याची सांगड घालू नये.

अर्थशास्त्रज्ञांनी या गुंत्यावर एक चांगली युक्ती काढली आहे. 1978 मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांनी ‘डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस’ ही पद्धत मांडली. नफा मिळवणे हे ज्यांचे ध्येय नाही अशा शाळा, दवाखाने यांची तुलना करण्यासाठी ती उपयोगी ठरली. 2002 मध्ये बेल्जियमच्या आणि 2004 मध्ये इटलीच्या संग्रहालयांवर याच घराण्यातल्या पद्धती वापरलेले अभ्यास प्रसिद्ध झाले. नाव भारदस्त असले तरी कल्पना कागद-पेन्सिलीने समजते.

समजा, तीन संग्रहालये आहेत आणि तिन्हींत दहा-दहा कर्मचारी आहेत. पहिल्याने वर्षात 40,000 प्रेक्षक आणले आणि 200 वस्तूंच्या नोंदी केल्या. दुसऱ्याकडे प्रेक्षक 10,000 च, पण नोंदी 900. तिसऱ्याकडे 20,000 प्रेक्षक आणि 300 नोंदी. पहिले गर्दीत पुढे, दुसरे नोंदीत पुढे. त्यांच्यात श्रेष्ठ कोण हे ही पद्धत ठरवत नाही, दोघांनाही शंभर टक्के देते. कारण ज्याने जे काम निवडले, त्यात त्याला मागे टाकणारा कोणी नाही. प्रश्न तिसऱ्याचा आहे. पहिल्या दोघांची योग्य प्रमाणात सरमिसळ केली, तर दहाच माणसांत सुमारे 29,500 प्रेक्षक आणि 440 नोंदी निघू शकतात असे दिसते. तिसऱ्याने त्यातले दोन्ही साधारण 68 टक्केच केले. म्हणजे त्याची तुलनात्मक कार्यक्षमता 68 टक्के. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने कोणाकडे जाऊन शिकावे, हेही कळते.

ही पद्धत वापरताना दोन पथ्ये पाळावी लागतात. संग्रहालयांची संख्या पुरेशी हवी. मोजायच्या बाबी, म्हणजे लावलेली साधने आणि झालेली कामे, मिळून जितक्या असतील त्याच्या निदान तिप्पट संग्रहालये असावीत असा संकेत आहे. पाच संग्रहालये घेऊन आठ बाबी मोजल्या तर बहुतेक सगळेच शंभर टक्क्यांवर जाऊन बसतात आणि कोणालाच काही कळत नाही. दुसरे पथ्य सारख्यांना सारख्यांशी ताडण्याचे. साताऱ्याजवळच्या औंधचे भवानी संग्रहालय 1938 चे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेले. राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूरचे शिल्प एका लहान गावातल्या टेकडीवर पाहायला मिळते, ही महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी गोष्ट. त्याची गर्दी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाशी ताडून पाहणे निरर्थक आहे. औंधची तुलना लहान गावातल्या, सरकारी, कलाप्रधान संग्रहालयाशी व्हावी. रायपूरची जबलपूर, नागपूर अशा प्रादेशिक संग्रहालयांशी.

जोडीदार मिळालाच नाही तर संग्रहालयाची तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी करावी, पण ऋतू सांभाळून. रायपूरचा मे महिना अंग भाजून काढतो. त्या महिन्यातले प्रेक्षक डिसेंबरच्या प्रेक्षकांशी लावले, तर उन्हाची कार्यक्षमता मोजल्यासारखे होईल. मेची तुलना मेशी, डिसेंबरची डिसेंबरशी. नोव्हेंबरात छत्तीसगडचा राज्योत्सव असतो, शाळांच्या सहली हिवाळ्यात निघतात, दिवाळीची तारीख दरवर्षी सरकते. हे सगळे तक्त्याच्या समासात लिहून ठेवावे, नाही तर दोन वर्षांनी तो आकडा का चढला याचे उत्तर कोणालाच आठवणार नाही.

दाराबाहेरच्या कामालाही रकाना हवा. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाने 2015 मध्ये बसमधले फिरते संग्रहालय सुरू केले. ती बस जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांपर्यंत जाते. ज्या मुलाने मुंबई कधी पाहिली नाही, त्याने शाळेच्या मैदानात उभ्या बसमध्ये हडप्पाच्या मुद्रेची प्रतिकृती हातात घेतली, तर तिकीट खिडकीला त्याचा पत्ता लागत नाही. संशोधनाचेही तसेच. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाची किंमत 1910 पासून तिथल्या कागदपत्रांवर उभ्या राहिलेल्या ग्रंथांत आहे. मराठी घरात जन्मून छत्तीसगडमधल्या हिंदी पत्रकारितेचा पाया घालणारे माधवराव सप्रे रायपूरला राहिले, 1926 मध्ये तिथेच वारले. त्यांच्या नावाचे वृत्तपत्र संग्रहालय 1984 पासून भोपाळला आहे. तिथे वर्षाला किती अभ्यासक बसले, त्यांनी किती अंक मागवले, किती प्रबंधांत संग्रहालयाचा उल्लेख आला, हेच खरे माप. काचेपुढून गेलेल्यांची मोजदाद तिथे काय कामाची?

आता दालनातला प्रेक्षक. तो आला, इतके कळून भागत नाही. त्याने पाहिले का, हे मोजता येते आणि त्यासाठी एक खुर्ची, वही आणि घड्याळ पुरते. दालनाचा नकाशा कागदावर काढावा. आत येणाऱ्या दर तिसऱ्या किंवा पाचव्या माणसाची, नाव-गाव न विचारता, नोंद घ्यावी: किती वाजता शिरला, कुठे थांबला, किती वाजता बाहेर पडला. हे काम चालू असल्याची पाटी दाराशी लावावी. अमेरिकेतल्या बेव्हर्ली सेरेल यांनी अशा निरीक्षणांवरून दोन सोपी मापे रूढ केली. पहिले, दालनाचे क्षेत्रफळ भागिले प्रेक्षकाचा सरासरी वेळ. दालन 1,200 चौरस फुटांचे आणि माणूस सरासरी दहा मिनिटे रमला तर उत्तर 120; चारच मिनिटांत बाहेर पडला तर 300. आकडा जितका लहान तितके पाहणे सावकाश. दुसरे माप म्हणजे निम्म्याहून अधिक वस्तूंपुढे थांबलेल्यांचे प्रमाण.

या निरीक्षणातून छोट्या दुरुस्त्या सुचतात आणि त्या स्वस्त असतात. एखाद्या उत्तम मूर्तीपुढे कोणीच थांबत नसेल, तर फलक गुडघ्याच्या उंचीवर आहे का, दिव्याची तिरीप काचेवर पडते का, मजकुरात फक्त ‘विष्णू, वालुकाश्म, नववे शतक’ एवढेच आहे का, ते पाहावे. फलक बदलावा, महिनाभराने पुन्हा वही घेऊन बसावे. बाहेर पडणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा, ‘आज पाहिलेल्यांतली एखादी वस्तू घरी कोणाला सांगाल?’ तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. शंभर उत्तरे जमली की अभिरक्षकाला जे दालन महत्त्वाचे वाटते आणि लोकांच्या जे लक्षात राहते, यांतले अंतर समोर येते.

मोजणीचा तपशील कोणाच्या तरी मानगुटीवर बसण्यासाठी वापरला गेला, तर आकडे खोटे होऊ लागतात. पहारेकऱ्याला वाढत्या प्रेक्षकसंख्येची सक्ती केली, तर तो एका कुटुंबाला दोनदा मोजेल. नोंदींचे मासिक लक्ष्य चढवले, तर कारकून ‘भग्न मूर्ती, दगड’ एवढीच ओळ लिहून पुढे सरकेल. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत एक नमुना तपासावा: वीस नवीन नोंदी वाचून त्यांवरून वस्तू ओळखता येते का ते बघावे. आणि पदे किती मंजूर, किती भरलेली, हा रकाना पहिल्या पानावर असावा. चार माणसांच्या जागी एकच माणूस राबत असेल, तर कार्यक्षमतेचा जाब त्याला विचारणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

सरकारी संग्रहालयाची माहिती मागायची असल्यास आधी अभिरक्षकांना भेटावे, हेतू सांगावा; पुष्कळदा तेवढ्यानेच वही उघडते. तसे झाले नाही तर माहिती अधिकार कायदा, 2005 आहे. उत्तराची मुदत 30 दिवसांची. ‘संग्रहालय कार्यक्षम आहे का’ असे मत विचारू नये, कारण या कायद्याखाली मत मिळत नाही, कागद मिळतो. अर्जात असे लिहावे: दाखल नोंदवहीतल्या एकूण वस्तूंची संख्या, शेवटची प्रत्यक्ष पडताळणी झाल्याची तारीख व तिच्या अहवालाची प्रत, छायाचित्रासह संगणकावर घेतलेल्या नोंदींची संख्या, गेल्या तीन आर्थिक वर्षांतला वेतन, जतन, सुरक्षा आणि कार्यक्रम यांवरचा वेगवेगळा खर्च, मंजूर व भरलेली पदे, महिन्यागणिक तिकीट घेतलेले प्रेक्षक आणि शालेय गट, अग्निसुरक्षा तपासणीची शेवटची तारीख. सात मुद्दे, एक पान. अर्ज एप्रिलमध्ये केला तर नुकतेच संपलेले आर्थिक वर्ष त्यात धरता येते. एखाद्या मुद्द्यावर ‘अशी माहिती संकलित केलेली नाही’ असे उत्तर आले, तर तेही तक्त्यात तसेच नोंदवावे आणि ती संकलित करण्यासाठी महाविद्यालयातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा गट देऊ करण्याचे पत्र संचालनालयाला पाठवावे, सुरुवातीला एकाच कपाटापुरते.